धुतलेली ढाबळ

आमच्या गच्चीवर बेचाळीस कबुतरं आहेत आणि मला कबुतरांची शिसारी येते, हे मी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी नवऱ्याला सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, सवय होईल. मग तो जहाजावर स्वयंपाकी म्हणून रुजू झाला, सहा-सहा महिने पाण्यावर राहू लागला, आणि सवय करून घ्यायला घरात मी, सासरे आणि कबुतरं एवढेच उरलो. एकोणीस वर्षं झाली, मला सवय झालेली नाही.

यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही. मी इस्पितळात सिस्टर आहे. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या-चिमट्यांपासून हिरव्या चादरींपर्यंत सगळं सामान निर्जंतुक करून, गठ्ठे बांधून पाठवायचं, त्या विभागाची मी प्रमुख. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या गठ्ठ्यामुळे कुणाची जखम चिघळली असं एकदाही झालेलं नाही. हे कुणी विचारत नाही, पण मी सांगते. अशा बाईने घरी यावं आणि जिन्यात पिसं, गॅलरीत दाणे, आणि सासऱ्यांच्या शर्टाच्या खांद्यावर जे असतं ते पाहावं, म्हणजे काय होत असेल याचा विचार करा.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः बिनलिफ्टच्या घरात राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम गच्चीवरच्या ढाबळीत. ढाबळ म्हणजे कबुतरांची लाकडी खोली. त्यांची कबुतरं शर्यतीची. पेट्यांत भरून चार-पाचशे किलोमीटर लांब नेतात, एकदम सोडतात, आणि ज्याचं कबुतर सगळ्यात वेगाने घरी येईल तो जिंकला. बक्षीस म्हणून एक पितळी कप मिळतो, जो मला घासावा लागतो.

बाबांचा एक जुना प्रतिस्पर्धी आहे, पलीकडच्या गल्लीतले घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करतात. दोघांचं तीस वर्षांचं भांडण एकाच गोष्टीवर, ढाबळ किती स्वच्छ ठेवायची. रंगारी पुट्टी लावायला वापरतात तसली पट्टी घेऊन बाबा रोज दोनदा फरशीवरची विष्ठा खरवडून काढायचे. घड्याळकाका कधीच काही काढत नसत. त्यांचं म्हणणं, पाखरांना त्यांच्या घरात राहू द्या, उगाच ढवळाढवळ नको. बाबा त्यांना चारचौघांत उकिरडेवाला म्हणत. ते बाबांना झाडूवाला म्हणत. माझ्या मते दोघंही घाणेरडे होते, फक्त बाबा थोडे कमी.

या वर्षी मोठ्या शर्यतीला सात आठवडे उरले होते आणि बाबा मोरीच्या बाहेर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. फरशी मी नुकतीच पुसली होती. चकचकीत ओली होती. बाबा त्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

ऑपरेशन नीट झालं. पुढे त्यांना चालायला शिकवणाऱ्या केंद्रात ठेवावं लागलं, कारण मी दिवसभर कामावर आणि नवरा कुठल्यातरी समुद्रात. पण बाबा पाय हलवायला तयार नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी दोन दिवसांत हात टेकले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने या वेळी पाय चालवले नाहीत तर पुढे खुर्चीतच बसावं लागतं, हे मी किती वेळा पाहिलं आहे. शेवटी मीच त्यांना म्हटलं की शर्यतीच्या दिवशी गच्चीवर जायचं आहे ना, अठरा पायऱ्या आहेत. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पाय उचलला. मग रोज संध्याकाळी फोन. पाखरं कशी आहेत, मास्तरीण कशी आहे. मी म्हणायचे छान आहेत, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगायचे की आज चार पावलं टाकली.

मास्तरीण म्हणजे त्यांची लाडकी निळसर मादी. वह्या तपासत फिरावं तशी इतरांमधून चालते, म्हणून हे नाव. बाबांची सगळी आशा तिच्यावर. आणि माझी सगळी आशा बाबांच्या आशेवर. पाखरं ठीक तर बाबा ठीक, इतका साधा हिशेब मी मनात मांडला होता.

तेव्हा पाखरांना काही होता कामा नये, या एका विचाराने मी ढाबळीत शिरले. आता बाबा नव्हते, अडवणारं कुणी नव्हतं. खरं सांगते, मला आनंद झाला. एकोणीस वर्षांचा तुंबलेला आनंद. पहिल्या रविवारी मी सगळी कबुतरं बाहेर काढली आणि ढाबळ वरपासून खालपर्यंत धुतली. बादल्याच्या बादल्या पाणी, साबण, वर जंतुनाशक. वरच्या बाजूच्या झडपांमधून धूळ आत येते म्हणून त्या प्लास्टिक लावून बंद केल्या. लाकडाची फरशी इतकी स्वच्छ झाली की मी तिच्यावर बसून चहा प्यायले. मग रोज सकाळी कामावर जाण्याआधी धुवायची आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा. ढाबळीला आमच्या विभागासारखा वास यायला लागला, तेव्हा कुठे मला ती आपली वाटली.

बाराव्या दिवशी एक कबुतर शिंकलं. मला वाटलं, धूळ असेल, म्हणून त्या दिवशी तीनदा धुतली. पंधराव्या दिवशी चार पाखरांच्या एकेका डोळ्याला पाणी होतं, आणि चोचीवरचा खडूसारखा पांढरा उंचवटा मळकट दिसायला लागला होता. विसाव्या दिवशी अकरा पाखरं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती, खाली हिरवट पाणीदार विष्ठा, आणि त्या अकरांत मास्तरीण होती. कुणाच्याही वह्या तपासत नव्हती.

मी जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी पाण्यातून द्यायची पावडर दिली आणि ढाबळ नीट ठेवा म्हणाले. हे मला सांगायचं? पाच दिवस पावडर दिली, पाखरं सुधारली. सहाव्या दिवशी पुन्हा तेच. मी आणखी कडक जंतुनाशक आणलं. करायला गेले एक आणि होत होतं भलतंच, आणि संध्याकाळी फोनवर मी सांगत होते की सगळं उत्तम आहे, मास्तरीण तर नुसती उंडारते. त्या दिवशी बाबा कठड्याला धरून पूर्ण व्हरांडा चालले.

सांगावं तर बाबा खचतील. न सांगावं तर पाखरं जातील. दोन दिवस मी नीट जेवले नाही. शेवटी इस्पितळातली नमुने न्यायची एक डबी घेतली, मास्तरणीची विष्ठा तिच्यात भरली, आणि बाबांना भेटायला गेले.

बाबांनी डबी खिडकीकडे धरली, झाकण काढलं आणि वास घेतला. शेजारच्या खाटेवरचा माणूस जेवत होता. त्याने ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"कुणाचं हे?"

"घड्याळकाकांकडचं," मी म्हटलं. दुसरं नाव सुचलंच नाही. "त्यांची पाखरं आजारी आहेत. स्वतः विचारायला लाजतात, म्हणून मला दिलं."

बाबांनी डबी फिरवून पुन्हा पाहिली. "त्याच्याकडे घाण असेल, पण ओल कधी नसते. हे ओलीचं दुखणं आहे. कुणीतरी फरशी पाण्याने धुतंय, आणि वरची हवा बंद केली आहे."

"पण धुतल्यावर जंतू मरतात ना?"

"मरतात थोडे. उरतात त्यांना पाणी मिळतं, मग त्यांची चैन. सूनबाई, कबुतराला घाण मारत नाही, ओल मारते."

 बाबा बराच वेळ डबीकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग ते हळूच म्हणाले, की तीस वर्षं आपण त्याला उकिरडेवाला म्हणत आलो, शेवटी लागलं असेल त्याला. म्हातारपणी बिचारा बादली घेऊन धुवायला बसला असेल, आणि पाखरं आजारी पाडून घेतली. हे सगळं आपल्या जिभेमुळे झालं.

मी ताकाला जाऊन भांडं लपवायला गेले होते. लपवलं ते कुणाच्या डोक्यावर फुटणार याचा विचार केला नव्हता. बाबांनी कागद मागवला आणि काय काय करायचं ते घड्याळकाकांसाठी लिहून दिलं. तो कागद मी पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

कागदावर पहिलंच वाक्य होतं, पाणी बंद. मला ते पटेना. तुम्ही म्हणाल, अकरा पाखरं आजारी पाडूनही बाईला पटत नाही? नाही पटलं. सव्वीस वर्षांची सवय एका डबीने जात नाही. त्या संध्याकाळी मी फक्त अर्धी ढाबळ धुतली.

दुसऱ्या दिवशी कामावर एक गठ्ठा वाफेच्या यंत्रातून बाहेर आला तो दमट होता. मी बाजूला टाकला. वर ऑपरेशन खोळंबलं होतं, सर्जन स्वतः खाली आले. म्हणाले, सिस्टर, यंत्रातून आत्ताच निघालाय, कढत आहे, जरासा ओला असला म्हणून काय झालं? द्या तो. मग मी त्यांना उभं करून ऐकवलं. गठ्ठा कितीही उकळा, ओला असला की तो स्वच्छ नाही. ओल असली की बाहेरचे जंतू आत शिरतात, ओल म्हणजेच घाण, एवढं तर पहिल्या वर्षाच्या मुलींनाही...

तिथे माझं वाक्य तुटलं.  सर्जन वाट पाहत होते. मग सावकाश म्हणाले, बरं, बरं, दुसरा द्या, आणि निघून गेले. त्यांना वाटलं मी रागाने गप्प झाले. मी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी की नाही याचा विचार करत होते. सव्वीस वर्षं जो धडा मी इतरांना शिकवला, तो मी गच्चीच्या पायऱ्या चढताना खाली ठेवून जात होते.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. घड्याळकाका उभे होते. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच, दुकानातून तडक आलेले.

"पोरी, बाबांना भूल जास्त झाली होती का गं?"

मी त्यांना बसवलं. काल रात्री जेवणाच्या वेळी बाबांचा त्यांना फोन आला होता. बाबा म्हणाले, माझं चुकलं, मी तुला नको ते बोललो, तू मनाला लावून घेऊ नकोस आणि ते धुणं बंद कर. काकांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. खरं काय ते विचारणार होते, पण 'माझं चुकलं' हे शब्द बाबांच्या तोंडून ते तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते, त्यामुळे त्यांनी फक्त म्हटलं, असू दे, होतं असं. त्यावर बाबांनी अर्धा तास त्यांना ढाबळ कोरडी कशी ठेवायची ते शिकवलं.

"मला शिकवलं," काका म्हणाले. "मी सगळं ऐकून घेतलं. आता सांग, मी काय धुतलंय?"

मी सगळं सांगितलं. पुसलेल्या फरशीपासून डबीपर्यंत. सांगताना मान वर झाली नाही. मला वाटलं, आता हे उठून थेट फोन लावतील, आणि लावला असता तरी मी दोष दिला नसता. काका थोडा वेळ भिंग हातात घेऊन पुसत राहिले. मग म्हणाले की तो चालतोय ना, मग चालू दे. शर्यतीपर्यंत माझी पाखरं आजारी. विचारलं तर सांगेन, तुझ्या सल्ल्याने बरी होतायत. माझ्या अब्रूला काय, ती काही शर्यतीत उडत नाही.

मग ते मला त्यांच्या ढाबळीत घेऊन गेले. मी नाक मुठीत धरून गेले आणि दारात थबकले, कारण वास नव्हताच. फरशीवर दोन बोटं जाडीचा थर होता, पण भुशासारखा सुका. पाय ठेवला तर कुरकुर वाजला. वरच्या झडपा सताड उघड्या, खालून हवा येत होती आणि वरून जात होती. पाण्याची भांडी मात्र अशी घासलेली, की मी आमच्या विभागात चालवून घेतली असती. जे पोटात जातं ते स्वच्छ पाहिजे आणि जे पायाखाली असतं ते कोरडं पाहिजे, बाकी सगळं आपल्या मनाच्या समाधानासाठी असतं, असं काका म्हणाले. वर हेही म्हणाले, की फार धुवूनपुसून ठेवलेलं पाखरू शर्यतीच्या पेटीत परक्या पाखरांबरोबर एक दिवस राहिलं की आजारी पडतं. थोडी आपली घाण अंगवळणी पडलेली बरी. घड्याळाचं मशीन आम्ही कधी बादलीत बुडवतो का, असंही त्यांनी विचारलं. 

घरी येऊन मी झडपांचं प्लास्टिक फाडलं. डॉक्टरांकडून पुन्हा पावडर आणली आणि बादली गच्चीवरून खाली नेली. काकांनी जुना रंग जाळून काढायची गॅसची बत्ती आणून फरशीच्या फटी शेकून दिल्या, लाकडातून अक्षरशः वाफा निघाल्या. मग मी बाबांची पट्टी हातात घेतली. सकाळ-संध्याकाळ खरवडायचं, गोळा करायचं, थोडा चुना भुरभुरायचा आणि निघायचं. एवढंच. पहिले चार दिवस मला फार जड गेले. कोपऱ्यात काहीतरी राहिलेलं दिसायचं, हात शिवशिवायचे, आणि मी मुठी आवळून खाली यायचे. पण पाखरांचे डोळे सुकले. चोचीवरचा मळकटपणा गेला, विष्ठा घट्ट गोळीसारखी झाली. सकाळी ढाबळीत गेल्यावर मी आधी फरशीकडे बघायचे आणि असल्या गोष्टीचा आनंद व्हायचा. दहाव्या दिवशी मास्तरीण दुसऱ्या एका मादीला तिच्या जागेवरून उठवताना दिसली, तेव्हा मी एकटीच गच्चीवर हसले.

सरावासाठी काका त्यांच्या पाखरांबरोबर आमचीही घेऊन जात. आधी दहा किलोमीटर, मग तीस, मग ऐंशी. आणि रोज संध्याकाळी बाबा मला विचारत, की उकिरडेवाल्याची पाखरं कशी आहेत. मी म्हणायचे, तुमच्या सल्ल्याने सुधारतायत. बाबा खूश व्हायचे. एकदा तर डॉक्टरांना म्हणाले, मी इथे पडल्या पडल्या एका माणसाची ढाबळ वाचवतोय. त्या दिवशी ते तीन पायऱ्या चढले. माझं खोटं असं दोन्ही हातांनी फळ देत होतं, आणि मला ते गोड लागत नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबांना घरी सोडलं. दुपारनंतर कबुतरवाल्यांच्या मंडळाच्या खोलीत पेट्या भरायच्या होत्या. तिथे सगळे आपापली पाखरं आणतात, प्रत्येकाच्या पायात शर्यतीची रबरी कडी घालतात आणि पाखरं गाडीत चढवतात. बाबा वॉकर घेऊन निघालेच. पंधरा-वीस माणसं होती, सगळ्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. घड्याळकाका कोपऱ्यात आपली पेटी उघडत होते.

बाबा वॉकर टेकून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, सगळ्यांसमोर एक सांगायचं आहे. ज्याला मी उकिरडेवाला म्हणत आलो, त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. माझ्या बोलण्यामुळे त्याने ढाबळ धुवायला घेतली आणि त्याची पाखरं मरता मरता वाचली.

खोलीत हशा झाला. मंडळातल्या एका बेकरीवाल्याने विचारलं, काय हो काका, या वयात अंघोळी घालायला लागलात? कुणी म्हणालं, उद्या तुमचं पाखरू जिंकलं तर कप यांच्या घरी पाठवा. तीस वर्षं ढाबळीतला कण न हलवल्याचा ज्या माणसाला अभिमान होता, तो पेटीत मान घालून उभा होता. त्यांचे कान लाल झाले होते. 

मला ते पाहवेना. शर्यत झाल्यावर, बाबा एकदा वर चढल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण ते माझं ओझं होतं आणि ते दुसराच वाहत होता.

"बाबा, ती पाखरं काकांची नव्हती," मी म्हटलं. "आपली होती. फरशी मी धुतली, रोज दोनदा. तुम्हाला खोटं सांगितलं."

हशा थांबला. बाबा माझ्याकडे वळले, वॉकरसकट, त्याला वेळ लागला.

"किती होती?"

"अकरा."

"मास्तरीण?"

"तीसुद्धा."

"गेलं कुणी?"

"नाही. काकांनी वाचवली. तुमच्या कागदाने आणि काकांनी."

 काकांनी पेटीचं झाकण लावलं आणि विचारलं, "मग ती माफी आता मी परत करायची का?"

"राहू दे तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "तीस वर्षांची आहे."

लोक पुन्हा हसले, आणि या वेळी काकाही हसले. माझ्याशी मात्र बाबा बोलले नाहीत. रिक्षात नाही, घरी नाही, जेवतानाही नाही. पान वाढलं, जेवले, झोपायला गेले. मला वाटलं, संपलं. इतके आठवडे ज्या दोरीला धरून त्यांना उभं केलं, ती मीच कापली. उद्या ते गच्चीवर येणार नाहीत, आणि उद्या आले नाहीत तर कधीच येणार नाहीत.

सकाळी मी ढाबळ खरवडून खाली उतरले तर बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. वॉकर घरात, हातात नुसती काठी. मी हात पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग मी मागून चढले, दोन्ही हात त्यांच्या पाठीशी धरून, आणि अठरा पायऱ्यांत माझा जीव अठरा वेळा वर-खाली झाला. बाराव्या पायरीवर ते थांबले, श्वास घेतला, आणि पुढे निघाले. वर पोचल्यावर त्यांनी आधी ढाबळीत वाकून फरशीवरून तळहात फिरवला. तो नाकाशी नेला. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि आकाशाकडे पाहत राहिले. मी कठड्याला टेकून उभी राहिले. ऊन चढत गेलं. चार तास तरी असेच गेले असतील. मधे मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं, एवढंच.

बारा वाजून सात मिनिटांनी ती आली. आधी ठिपका, मग पंख मिटून सरळ खाली. बाबा उठायला गेले आणि त्यांना पटकन उठता येईना. म्हणाले, तू जा. मी दाण्यांचा डबा वाजवला आणि मास्तरीण माझ्यासमोरून, दर सकाळी जशी चालायची तशीच चालत आत शिरली. मी तिच्या पायातली कडी काढून वेळ नोंदवणाऱ्या शर्यतीच्या घड्याळात टाकली आणि कळ फिरवली.  तिचे दोन्ही डोळे कोरडे आणि लखलखीत होते. मी तिला घेऊन बाहेर आले आणि बाबांच्या हातात दिली. देईपर्यंत तिच्या हृदयाचे ठोके माझ्या बोटांना लागत होते.

ती चौथी आली, काकांचं पाखरू दुसरं आलं, आणि कप बेकरीवाल्याने नेला, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. तेव्हा ते काहीच माहीत नव्हतं. बाबा तिला कुरवाळत म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खचाल म्हणून. व्यायाम सोडून द्याल म्हणून."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"वेडे, पाखरं आजारी आहेत एवढं कळलं असतं ना, तर मी आठवड्यात चाललो असतो."

सव्वीस वर्षं मी आजारी माणसांच्या आसपास काढली आहेत, आणि हे मला सुचलं नव्हतं. मला रडू आलं. बाबांनी एका हाताने खिसा चाचपला आणि त्यांचा रुमाल माझ्यापुढे धरला. त्याला दाण्यांचा भुसा होता, दोन पिसं होती, आणखीही काय काय होतं. मी त्यानेच डोळे पुसले, आणि नाकसुद्धा.